झोपेतला आवाज

यंदा कोहरा लवकर आला. आमच्या घरात त्याला धुकं कुणी म्हणत नाही. धुकं हा पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांचा शब्द. ब्रह्माघाटच्या वरच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी माणसांच्या तोंडी कोहराच बसला आहे. गोधडीची रजाई झाली, घेवड्याची सेम झाली, तसाच हाही. कोहरा पडत नाही, चढतो. गंगेवरून उठतो, पायऱ्या चढून गल्लीत शिरतो आणि समोरच्या घराची खिडकी पुसून टाकतो. नदीत नाव दिसत नाही, नुसता वल्ह्यांचा चुबूकचुबूक आवाज येतो. सकाळी चौकात मलइयोवाला बसतो. दुधाचा तो पिवळा, केशराच्या वासाचा फेस उन्हात बसतो, म्हणून लोक कुल्हड हातात आल्याआल्या घाईने खातात. या दिवसांत ऊन येतच नाही, तरी घाई तशीच.

कोहरा हा बाबांचा हंगाम होता. ते इथल्या स्टेशनवर उद्घोषक होते. अजून बायकांचे ध्वनिमुद्रित आवाज आले नव्हते, तेव्हाची गोष्ट. पूस-माघात गाड्या रखडायच्या आणि बाबांना पाणी प्यायला फुरसत मिळायची नाही. मी शाळकरी असताना एकदा आई मला नागपूरच्या गाडीला घेऊन निघाली होती. गाडीचा पत्ता नव्हता. फलाटावर हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती, आणि त्या पांढऱ्या काळोखात वरून बाबांचा आवाज येत होता. खर्जातला, स्वच्छ, प्रत्येक अक्षर धुऊन ठेवल्यासारखा. "यात्रीगण कृपया ध्यान दें." शेजारच्या ट्रंकेवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "कितना अच्छा बोलत हैं." आईने पदर सारखा केला आणि ती स्वतःशीच हसली. तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी पुन्हा फार वेळा पाहिलं नाही.

मी इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दर वर्षी याच सुमाराला झोपेचा धडा येतो. मुली स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसलेल्या असतात, आणि मी फळ्यावर मेंदूचं चित्र काढून सांगते की स्वप्नांच्या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात असतो. भीती, राग, माया जिथे उठतात तो भाग तर जास्तच पेटलेला. शंका घेणारा, 'असं कसं होईल?' विचारणारा भाग तेवढा मंदावलेला. म्हणून स्वप्नात मेलेला माणूस जेवायला बसला तरी आपल्याला नवल वाटत नाही. आणि हे चालू असताना मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर, एक छोटीशी जागा साऱ्या शरीराला कुलूप घालते. डोळे हलतात, श्वास चालतो, बाकी हातपाय गप्प. प्रयोगात मांजरांची ती जागा जाळून टाकली तेव्हा मांजरं झोपेतच उठली, दबा धरू लागली, नसलेल्या उंदरावर झेप घेऊ लागली. मुली हसतात. दर वर्षी इथे हसतात. मी त्यांना हसू देते.

बाबांचं कुलूप त्यांच्या निवृत्तीनंतर तुटलं. पहाटेची वेळ होती. स्वप्नं पहाटेच दाट असतात. लग्न मोडून मी माहेरी परत आले त्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. आईची किंकाळी ऐकून मी त्यांच्या खोलीत गेले, तर ती पलंगाशेजारी जमिनीवर बसलेली, ओंजळीत रक्त आणि पुढच्या दाताचा तुकडा. बाबा पलंगावर बसून स्वतःच्या मुठीकडे बघत होते.

"केबिनमध्ये कुणीतरी घुसला होता," ते म्हणाले. "माइक ओढत होता. मी त्याला..." मग त्यांनी आईकडे पाहिलं. "अगं, तुला कुणी मारलं?"

बाबांनी आम्हाला कधी साधी चापट मारली नव्हती. आवाज चढवायला ते घाबरत, कारण तो फार लांब जायचा. पण आईने त्या पहाटे ठरवून टाकलं. रक्त पुसत ती मला म्हणाली, "इतकी वर्षं मनात कोंडलं होतं, ते बाहेर आलं. झोपेत माणूस खोटं बोलत नाही."

"आई, स्वप्न होतं ते."

"तेच तर म्हणते मी."

पुढच्या महिन्यात त्यांनी तिला दोनदा लाथ मारली, एकदा गळा धरला. प्रत्येक वेळी त्यांच्या स्वप्नात कुणीतरी हल्ला करत असे, आणि ते जीव वाचवत असत. बहुतेक वेळा तिचाच. पण ठोसा तिलाच बसायचा. आईने खालच्या मजल्यावरच्या विमला भाभींना सांगितलं. भाभी आमच्या गल्लीतल्याच, मनाने वाईट नव्हेत, पण त्यांच्या पोटात गोष्ट टिकत नाही. आठवडाभरात गल्लीला कळलं की अनाउंसर साहब बायकोला मारतात. चहाच्या दुकानावर कुणी म्हणालं, "साहब, गाड़ी तो अब छूट गई, अब भाभीजी पर काहे गुस्सा?" सगळे हसले. बाबाही हसल्यासारखं करून घरी आले. त्यानंतर ते त्या दुकानावर गेले नाहीत.

हात बांधायचं बाबांनीच सुचवलं. आईने जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडल्या. रोज निजायच्या आधी ते दोन्ही हात पुढे करायचे, बांगड्या भरायला बसलेल्या मुलीसारखे, आणि ती गाठ मारून पट्टी पलंगाच्या दांडीला अडकवायची. ती नको तितकी घट्ट गाठ मारायची. सकाळी मनगटावर लाल वळ असत. ते बाह्या ओढून घेत. मी एकदा म्हटलं, "जरा सैल बांध की." आईने जिभेने तुटका दात चाचपला आणि म्हणाली, "तू झोप त्यांच्याशेजारी."

शेवटी मी दोघांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, हुशार होते, घाईत होते. त्यांनी बाबांना डोक्याला तारा लावून एका खोलीत झोपवलं, कागदावरच्या रेषा पाहिल्या आणि आम्हाला समोर बसवून समजावलं. मी वर्गात सांगते तेच, फक्त हिंदीत आणि माझ्यापेक्षा सोपं करून. कुलूप तुटलंय. मनात काही कोंडलेलं नाही. ही स्वप्नं अशीच असतात, मारामारीची, पाठलागाची. स्वभावाने गरीब असलेल्या माणसालाही अशीच पडतात. एक छोटी गोळी दिली की शांत होतील.

आई इतका वेळ डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, "मतलब, ये मुझको नहीं मारते थे?"

"नहीं, माताजी. आपको तो शायद बचा रहे थे."

आईने बाबांच्या बाहीवर हात ठेवला. एवढंच. पण त्या घरात तेवढं पुष्कळ होतं. आणि नेमकं तेव्हाच, कागद फाइलमध्ये घालता घालता, डॉक्टर म्हणाले की ज्यांचं हे कुलूप असं तुटतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन होतो, कंपवात. झीज त्याच भागातून वर चढते. स्वप्नं म्हणजे तिची पहिली वर्दी.

"कब?" बाबांनी विचारलं.

"कह नहीं सकते."

"रोकने का कोई उपाय?"

"अभी तो नहीं."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

रोग कळला आणि उपाय नाही, यापेक्षा न कळलेलं बरं असं मी कधी म्हटलं नसतं. माझं पोट शिकवण्यावर चालतं. पण त्यानंतर बाबा चहाचा कप उचलताना कपाकडे बघत नसत, हाताकडे बघत. दाढी करताना थांबत. शर्टाचं बटण एका फटक्यात लागलं नाही तर दिवसभर बोटं उघडमीट करून बघत. पेपर वाचताना मधेच मोठ्याने बोलून बघत, "गाड़ी संख्या...", आणि स्वतःचा आवाज ऐकून पुन्हा पेपरात डोकं घालत. जो पाहुणा येणार हे ठाऊक आहे पण कधी ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी माणूस दार लोटूनही घेऊ शकत नाही आणि उघडंही टाकू शकत नाही. काही वर्षं अशीच गेली. गोळीने झोप शांत झाली होती. हात बांधायच्या पट्ट्यांचं आईने पायपुसणं केलं.

मग तो आला. कंप थोडाच होता, ताठरपणा फार. पावलं जमिनीला चिकटायची. उंबऱ्यापाशी बाबा असे थबकत, जणू समोर पाणी आहे. चेहरा गेला. म्हणजे होता तिथेच, पण त्यावर काही उमटेना. आणि सगळ्यात आधी, सगळ्यात पुरता, आवाज गेला. ज्या आवाजाने आख्खी फलाटं हलवली तो ओठांच्या बाहेर वीतभरही येईना. त्यात आईच्या कानांनी दगा दिला.

"काय म्हणता?"

ते पुन्हा बोलत.

"अहो, मोठ्याने बोला ना! मला ऐकू येत नाही."

ते तिसऱ्यांदा बोलत. तोवर पाणी मागितलं होतं की चादर, हे त्यांचं त्यांनाच नको झालेलं असे. आई चिडायची. चिडून रडायची. एकदा तिने त्यांच्यासमोर ताटली आपटली आणि म्हणाली, "स्टेशनवर जगाला ऐकवलंत, मला ऐकवायला तेवढा राहिला नाही!" बाबांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. हलू शकत नव्हतं. डोळ्यांतून मात्र पाणी आलं, आणि ते पुसायला हात वर येईपर्यंत गालावरून हनुवटीपर्यंत गेलं.

तो हिवाळा आठवतो तो असा. कोहरा इतका की दुपारीही दिवे लावावे लागत. मी कॉलेजातून परतत होते. जिना चढताना वरून आवाज आला.

"यात्रीगण कृपया ध्यान दें..."

मी कठड्याला धरून उभी राहिले. तोच आवाज. एकही अक्षर ओरखडलेलं नाही. गाडी उशिरा धावते आहे, ती अमुक फलाटावर येईल, असुविधा के लिए हमें खेद है. मी दार ढकललं. बाबा दुपारच्या झोपेत होते. डोळे मिटलेले, आणि उजवा हात हवेत असा सहज फिरत होता, जसा गेल्या दोन वर्षांत एकदाही फिरला नव्हता. समोर स्टुलावर आई बसली होती. अंगावर शाल, हात मांडीवर, मैफलीला बसावं तशी. तिच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं.

"गोळी देत नाहीस त्यांना?" मी तिच्या कानाशी लागून विचारलं.

"नाही देत."

"कधीपासून?"

"बोलू नकोस. ऐक."

आम्ही ऐकलं. या रोगात असं होतं, हे मी वाचलं होतं. दिवसा जो माणूस लाकूड झालेला असतो तोच स्वप्नात भराभर हालचाल करतो, खणखणीत बोलतो. मेंदूची बिघडलेली वाट स्वप्न वळसा घालून चुकवतं की काय, हे अजून नीट कुणाला सांगता येत नाही. स्वप्नं का पडतात हेच कुठे धड ठाऊक आहे? दिवसभराच्या आठवणींची निवडानिवड होते म्हणतात. येणाऱ्या संकटाची तालीम होते म्हणतात. दुखऱ्या गोष्टींतलं दुखणं रोज थोडं थोडं काढून टाकलं जातं, असंही म्हणतात. बाबांच्या बाबतीत यातलं काय होत होतं मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं की त्यांना रोज दुपारी तासाभरासाठी त्यांचं शरीर परत मिळत होतं, आणि जागं झाल्यावर रोज काढून घेतलं जात होतं.

ते जागे झाल्यावर मी त्यांच्या ओठांशी कान नेला आणि विचारलं, "बाबा, गोळी सुरू करू ना? आईला लागतंय."

खूप वेळाने उत्तर आलं. "नको." मग पुन्हा दम घेऊन, "तिथे चालता येतं."

आईला ऐकू आलं नव्हतं. तिने विचारलं, "काय म्हणाले?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मग झालं तर." आणि डोळ्याखालच्या जखमेला तेल लावून घेतलं.

पलंग काढला, जमिनीवर गाद्या घातल्या, भिंतींना जुन्या रजाया लावल्या. आई आता त्यांच्या हाताच्या टप्प्याबाहेर बसायला शिकली होती. दुपार झाली की तिची लगबग सुरू व्हायची. भांडी लवकर आवरायची, विमला भाभी गप्पांना आल्या तर त्यांना जिन्यातूनच वाटेला लावायची. कधी बाबा झोपेत नुसते कण्हत, कधी शिव्या देत, कधी काहीच नसे. ज्या दिवशी काहीच नसे त्या दिवशी आई त्यांच्याशी तुटक वागायची, जणू त्यांनी मुद्दाम तिला फसवलं. ज्या दिवशी आवाज लागायचा त्या दिवशी संध्याकाळी पोह्या-मटाराचं चूडा-मटर व्हायचं, आल्याचा, मिरपुडीचा वास जिन्याभर पसरायचा, आणि ती चमच्याने त्यांना भरवायची. मी इतकी वर्षं पाहत आलेल्या त्या संसारात याहून सुखाचे दिवस मला आठवत नाहीत. हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतं.

माघातल्या एका दुपारी ते झोपेत उठून उभे राहिले. मी घरी होते. आई स्टुलावर होती. "लाल झंडी! लाल झंडी दिखाओ!" ते ओरडले आणि धावले. खरोखर धावले, तरण्या माणसासारखे, न अडखळता, उंबरा ओलांडून. जिन्याच्या तोंडाशी मी पोचायच्या आत ते खाली गेले होते.

खुब्याचं हाड मोडलं. अस्पतालात ऑपरेशन झालं. भूल उतरल्यावर त्यांना दिवसाही माणसं दिसू लागली, भिंतीतून येणारी, सामान चढवणारी. ते सुया उपटायचे. वॉर्डातला माणूस पट्ट्या घेऊन आला आणि आम्हाला म्हणाला, "बाँधना पड़ेगा." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडून पुढे केले. आई वळून खिडकीशी गेली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सगळं पांढरं होतं. छातीत कफ भरला. पाचसहा दिवसांत बाबा गेले. शेवटचे शब्द वगैरे काही नव्हते. असलेच तर ते आम्हाला ऐकू आले नाहीत.

मणिकर्णिका आमच्या घरापासून लांब नाही. त्या दिवशी धूर कुठला आणि कोहरा कुठला हे कळत नव्हतं.

मग लोकांना ते स्वप्नात दिसू लागले. विमला भाभी सकाळी वर येऊन सांगायच्या, "अम्मा, बाबूजी आए थे. सफ़ेद कुरता पहने थे, सीढ़ी चढ़ रहे थे." दूधवाल्याला दिसले. मला दिसले, फलाटावर उभे होते, माझं तिकीट मागत होते. आईला दिसेनात. ती रोज नीट पांघरूण घेऊन, केस विंचरून झोपायची, कुणी भेटायला येणार असल्यासारखी. सकाळी उठून भिंतीकडे बघत बसायची.

"तू शिकवतेस ना हे?" तिने एकदा मला विचारलं. "सगळ्यांकडे जातात. माझ्याकडे का येत नाहीत?"

कुणी जात नाही आणि येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. पण दुसरं एक कारण होतं आणि ते खरं होतं. बाबा गेल्यावर आईचं खाणंपिणं सुटलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला उदासीवर गोळी दिली होती. तसल्या गोळ्यांनी स्वप्नांची झोप कमी होते. मी तिला हे सांगितलं. डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला सांगितलेली गोळी तिने त्या दिवसापासून बंदच केली.

अडवून धरलेली स्वप्नं एकदम सुटतात. आठवड्याभरात ती पहाटे ओरडत उठली. मी पाणी घेऊन गेले.

"दिसले?"

तिने मान हलवली.

"काही बोलले?"

"बोलत होते," आई म्हणाली. "ओठ हलत होते. मी म्हटलं, अहो, मोठ्याने बोला. तशी पाठ फिरवून गेले." तिने पेल्यातलं पाणी प्यायलं नाही. "स्वप्नातसुद्धा मी तेच म्हटलं, सुनंदा. स्वप्नातसुद्धा."

ते स्वप्न पुन्हा पडलं, पुन्हा पडलं. प्रत्येक वेळी ती तेच म्हणायची आणि ते पाठ फिरवायचे. मग एके दिवशी तिने स्वतःहून सांगितलं, "ती गोळी दे मला." आता ती गाढ झोपते. उशीवर तिचा चेहरा दगडी पाट्यासारखा असतो, काही हलत नाही.

गेले दोन हिवाळे तिने एक सवय लावून घेतली आहे. विमला भाभी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना आमच्या दारात थांबतात, आणि आई विचारते, "आज आए थे?" भाभी सांगतात. आए थे अम्मा, आपको पूछ रहे थे. आए थे, बोले अब तबीयत ठीक है. त्या रचून सांगतात हे मला पहिल्यापासून कळत होतं. आईलाही कळत असावं. ती फार खोलात विचारायची नाही.

परवा सकाळी कोहरा खिडकीला चिकटून होता. आई मटाराच्या शेंगा घेऊन बसली होती. भाभी वर आल्या. त्यांच्या नातवाला ताप होता, झोप झाली नव्हती, हातात ओल्या कपड्यांची बादली जड झाली होती.

"आज आए थे?" आईने विचारलं.

"अब नहीं आते, अम्मा," भाभी म्हणाल्या. "बहुत दिन हो गए. अब तो शकल भी ठीक से याद नहीं आती."

त्या वर निघून गेल्या. मी आईकडे पाहिलं. तिने हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले, आणि दुसरी उचलली.